लांब बाह्या

ओमान हा देश माझ्यासारख्या बाईच्या सोयीसाठीच बांधला असावा, असं मी बरीच वर्षं धरून चालले होते. इथे बाई मनगटापासून घोट्यापर्यंत झाकलेली असली तर कुणी मान वळवून बघत नाही. भर जूनमध्ये लांब बाह्या घातल्या तरी "गरम होत नाही का हो?" असं कुणी विचारत नाही. त्यात मी सिव्हिल इंजिनियर, दिवसाचा अर्धा वेळ साइटवर. साइटवर फुल स्लीव्ह हा सेफ्टीचा नियमच. एकदा सेफ्टीच्या मीटिंगमध्ये माझं उदाहरण देऊन सगळ्यांना सांगितलं गेलं की बघा, मॅडम एवढ्या उन्हातसुद्धा बाही वर करत नाहीत. टाळ्या पडल्या. मी त्या निमूटपणे घेतल्या.

खरं कारण बाहीच्या आत होतं. मला कोड आहे. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला पाठीवर पहिला डाग आला, मग दंडांवर, पोटावर, मांड्यांवर. चेहरा आणि पंजे तेवढे सुटले. मनगटावर एक आहे, त्यावर मी रुंद पट्ट्याचं पुरुषी घड्याळ बांधते. कोड म्हणजे त्वचेचा रंग जातो, बस. दुखत नाही, खुपत नाही, कुणाला लागत नाही. पण आमच्या कल्याणच्या घरात तो शब्द उच्चारायची बंदी होती. "तिचं ते वाढलंय का?" असं विचारायचे. माझ्या पाठच्या दोघी बहिणी लग्नाच्या होत्या. आईने शिलाई मशीन काढलं आणि माझ्या सगळ्या कपड्यांना लांब बाह्या लावल्या. "या दोघींची लग्नं होईपर्यंत," ती म्हणाली. दोघींची लग्नं झाली, आता त्यांच्या घरात सुनासुद्धा आल्या. माझ्या बाह्या होत्या तेवढ्याच राहिल्या.

मी काही बिचारी बाई नव्हे, हे इथेच सांगून टाकते. इथल्या वाद्यांवर, म्हणजे एरवी कोरड्याठाक आणि पाऊस झाला की अंगावर धावून येणाऱ्या नद्यांवर, मी पूल उभे केलेत. निझव्याच्या रस्त्यावरून जाताना त्यातला एक लागतो, तेव्हा मी गाडीतल्या सगळ्यांना तो बघायला लावते. कंत्राटदार मला घाबरतात. नाकावर माशी बसू देत नाही अशी माझी ख्याती आहे आणि ती मला आवडते. नवऱ्याला मी लग्नाआधीच सगळं सांगितलं होतं. तो बँकेतला माणूस. म्हणाला, "मला रंगकाम करायचं नाहीये, संसार करायचाय." म्हणजे दुःख वगैरे काही नव्हतं. एक व्यवस्था होती आणि ती चोख चालत होती. बाथरूमची कडी, कपाटाच्या दाराआड कपडे बदलणं, आणि पोहायला जायचं तर तो मॉलमध्ये मिळणारा काळा पोशाख, डोक्यावरच्या टोपीपासून घोट्यापर्यंतचा. समुद्र मला फार आवडतो. मस्कतमधल्या आमच्या घरापासून जवळ, सीबच्या किनाऱ्यावर सकाळी तो पोशाख घालून मी पाण्यात उतरते तेव्हा आजूबाजूच्या बायाही काळ्या पायघोळ अबाया घालूनच पाण्यात बसलेल्या असतात. चारचौघींत चौघींसारखी.

आम्हाला एकच मुलगी. इथेच जन्मली, इथल्या इंडियन स्कूलमध्ये शिकली, मैत्रिणींशी इंग्रजीत बोलत वाढली. तिचं मराठी अडखळत चालतं, पण चालतं. शिकून ती सलालाहच्या बंदरातल्या एका ऑफिसात लागली. मस्कतमध्येही जागा होती, पण तिने स्वतःहून सलालाह मागून घेतलं. सलालाह म्हणजे या देशाचं दुसरं टोक. तिथे जून ते सप्टेंबर धुकं आणि भुरभुर पाऊस, नारळाच्या बागा, आपलं कोकणच जणू. "तुला तिथे काय सापडलं?" मी विचारलं. "वेदर," ती म्हणाली. मला ते थोडं लागलं, पण सव्विसाव्या वर्षी मुलीने आईबापांपासून लांब राहावं हेही मला पटत होतं. सुट्टीला घरी यायची तेव्हा अंगात जॅकेट असायचं. "एसी लागतो," म्हणायची. आमच्या घरी एसीवरून रोजच भांडण असतं, तेव्हा तेही खपून गेलं.

मागच्या सप्टेंबरात तिने ट्रिप काढली. अ‍ॅड्रियाटिकचा किनारा, क्रोएशियातलं एक बेट, फक्त आम्ही दोघी. "मला कुणी विचारलंच नाही," नवरा म्हणाला आणि बदला म्हणून शेंगदाण्याची चटणी एवढी तिखट कुटली की ती घेऊन जाणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं. मी दशम्या केल्या. माझा काळा पोशाख बॅगेत सगळ्यात आधी गेला.

पहिले काही दिवस नेहमीसारखे गेले. जुनं गाव, चर्च, मासे. मी तिथल्या शेतांचे दगडी बांध बघत बसायची, ना चुना ना सिमेंट, नुसते रचलेले आणि तरी पिढ्यान्‌पिढ्या उभे. मुलगी फोटो काढायची. तिथेही उन्हात तिने पातळसा शर्ट घातलेला, बाह्या मनगटापर्यंत. मी म्हटलं, उन्हाने काळं पडायची भीती आजकालच्या मुलींनाही आहे तर. मग एका सकाळी ती म्हणाली, "आज एका क्वाएट बीचवर जाऊ. थोडं चालायला लागेल."

थोडं म्हणता म्हणता पाइनच्या झाडीतून टेकडी ओलांडली. झाडांत किडे दिवसाढवळ्या किर्र ओरडत होते. शेवटच्या उताराच्या तोंडाशी एक लाकडी पाटी होती आणि तिच्यापाशी मुलगी थांबली.

"आई, अ‍ॅक्च्युअली हा बीच थोडा डिफरंट आहे."

"डिफरंट म्हणजे?"

"म्हणजे... इथे लोक कपडे घालत नाहीत."

मला आधी हसू आलं. मग तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि हसू गेलं. "तू मला इथे का आणलंस?"

"जस्ट चल ना. प्लीज. तुला कुणी काही करायला सांगत नाहीये."

मला वाटलं, समजलं. पोरीने कुठेतरी काहीतरी वाचलंय आणि आता आईला सुधारायला काढलंय. आईची लाज घालवायची, आईला मोकळं करायचं. आजकाल प्रत्येक मुलीला आपल्या आईला मोकळं करायचं असतं. मी म्हटलं, करू दे प्रयत्न. मी कंत्राटदारांना पुरून उरलेली बाई आहे. झुडपाआड जाऊन माझा काळा पोशाख चढवला, टोपी डोक्यावर ओढली आणि मान ताठ ठेवून खाली उतरले.

खडकांच्या कुशीतला लहानसा किनारा होता, वाळू नाही, नुसते पांढरे गोटे, आणि पाणी इतकं स्वच्छ की तळावर पडलेली सावली दिसावी. माणसं फार नव्हती आणि तरुण तर जवळजवळ नव्हतीच. सुटलेली पोटं, ओघळलेल्या छात्या, वाकलेले गुडघे. एक आजोबा डोक्यावर पेपर धरून झोपले होते. एक जोडपं कलिंगड कापत होतं. मी मनात काय काय रंगवून आले होते, आणि इथे तर रिटायर झालेल्यांची सहल निघावी तसा प्रकार. फक्त अंगावर कुणाच्याच काही नाही. आम्ही एका कडेला चटई टाकून बसलो. मुलगी शर्ट आणि हाफपँटमध्ये, गुडघे जवळ घेऊन.

थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की सगळे माझ्याकडे बघतायत. आयुष्यभर मी जे टाळलं ते तिथे भरभरून माझ्या वाट्याला आलं. कलिंगडवाले बघत होते. आजोबांनी पेपर बाजूला केला. त्या गोट्यांवर मी एकटीच काळी, एकटीच झाकलेली. सीबला ज्या पोशाखात मी दिसेनाशी होते, त्याच पोशाखात इथे लांबून उठून दिसत होते.

तेवढ्यात एक बाई उठून आमच्याकडे आल्या. सत्तरीच्या असतील. गवती टोपी, चष्मा, बाकी काही नाही. पोटावर आडवी, जुन्या ऑपरेशनची खूण. इंग्रजी शब्द जोडत जोडत, पण अगदी सभ्यपणे म्हणाल्या, "मॅडम, माफ करा, पण इथे असं चालत नाही. कपडे घालून बसणारे लोक बघायला येतात. आम्हाला ते आवडत नाही. पलीकडे दुसरा किनारा आहे, तिथे तुम्ही बसू शकता."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बघायला? मी? मला कुणी बघू नये म्हणून जिने उभा जन्म बाह्यांत काढला, तिला ही बाई सांगते की तू बघायला आलीस! मी टोपी कपाळावर आणखी खाली ओढली. बाई मान डोलावून परत आपल्या जागेवर गेल्या.

"उठ," मी मुलीला म्हटलं. "खलास. झाली तुझी हौस. चल."

ती उठली नाही.

"चल म्हणते ना!"

तिने शर्टाचं बटण सोडलं. मग बाही हळूहळू वर दुमडायला लागली, मनगटापासून वर, वर, आणि कोपरापाशी थांबली. कोपरावर रुपयाच्या नाण्याहून मोठा एक डाग होता. पांढरा. त्याच्या बाजूला दुसरा, लहान, नुकता उमटलेला.

मी खाली बसले. म्हणजे बसले असेन, कारण नंतर गोटे टोचायला लागले तेव्हा कळलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"सलालाहला जायच्या आधी."

"म्हणून सलालाह मागितलंस?"

"तिथे जॅकेट चालतं, आई. कुणी विचारत नाही."

ओमानबद्दलचा माझा लाडका सिद्धांत मी तिच्या तोंडून ऐकला. तिला मी कधी काही शिकवलं नव्हतं. बाहीविषयी आमच्या घरात चकार शब्द निघत नसे. पण पोरीने व्यवस्था जशीच्या तशी उचलली होती, एका शहराच्या जागी दुसरं शहर घालून.

"डॉक्टरला दाखवलंस?"

"दाखवलं. क्रीम चालू आहे. ते सगळं मला माहितीये. ते नाही." ती थांबली. मराठीत शब्द शोधताना ती खाली बघते, तशी खाली बघत राहिली. "मी लहान असताना तू बाथरूमची कडी लावायचीस ना, मला वाटायचं आत काहीतरी हॉरिबल आहे. म्हणजे जळलेलं वगैरे. किंवा काहीतरी नाहीच आहे. मी कधी बघितलंच नाही. मग माझ्या एल्बोवर हे आलं आणि मला वाटलं, आता मीपण तशीच होणार. पण तशी म्हणजे कशी, ते मला माहितीच नाही. मला बघायचंय, आई. माझं काय होणार आहे ते."

"मग घरी विचारायचंस! एवढा खर्च करून इथे..."

"घरी विचारलं असतं तर तू चहा टाकायला उठली असतीस."

हे खरं होतं. मी उठलेच असते. चहात आलं किती घालू, हेसुद्धा विचारलं असतं.

"इथे तुला कुठे जाताच येणार नाही," ती म्हणाली. "आणि इथे कुणी हसत नाही. मी खूप शोधलं ही जागा."

म्हणजे मला सुधारायला वगैरे तिने आणलंच नव्हतं. माझी लाज गेली काय, राहिली काय, तिला त्याचं देणंघेणं नव्हतं. तिला भीती वाटत होती. माझी मुलगी दीड वर्ष एकटी, धुक्याच्या गावात, जॅकेट घालून, माझ्या कडीमागे काय असेल याची कल्पना करत बसली होती. मला अतोनात राग आला. कुणाचा ते सांगता येत नाही. त्या जॅकेटचा, कल्याणच्या त्या शिलाई मशीनचा, आणि आपलं नाणं खणखणीत आहे असं समजून चालणाऱ्या या माझ्या तोऱ्याचा. रागात मी चांगली कामं करते.

मी टोपी काढली. घड्याळ काढलं. मग पाठीमागची चेन, तिथे हात पोचेना, तर तिला म्हटलं, "ओढ." तिने ओढली. ओला नसला तरी तो पोशाख अंगाला घट्ट चिकटतो, तो सोलून काढताना नेहमीच माझी दमछाक होते, तशी तिथेही झाली. शेवटी पायातून निघाला. मी तो चटईवर टाकला आणि तिच्यासमोर बसले. पाठ केली नाही, हात आडवे घेतले नाहीत. ऊन सरळ अंगावर आलं. दंडावर ऊन पडलं की कसं वाटतं हे मी विसरलेच होते.

"बघ," मी म्हटलं.

तिने बघितलं. नीट, सावकाश, परीक्षेचा पेपर वाचावा तसं. दंड, खांदा, पोट. मग उठून पाठीमागे गेली. भिंतीचा जुना रंग उडून आतलं पांढरं दिसावं तसं आहे ते, काही ठिकाणी मोठं, काही ठिकाणी ठिपके ठिपके. तिचं बोट माझ्या पाठीवर एका कडेवरून फिरलं. तिथे नवऱ्याखेरीज कुणाचा हात लागल्याला किती वर्षं झाली होती. मी हलले नाही.

ती पुढे येऊन बसली. तिचे डोळे भरले होते.

"एवढंच?" ती म्हणाली.

"एवढंच म्हणजे?" मी उसळले. "बहिणींची लग्नं, तुझ्या आजीचं रात्रंदिवस मशीन, साइटवरचा उन्हाळा, आणि तू म्हणतेस एवढंच?"

"आई, एवढंच आहे!" ती रडता रडता हसायला लागली. "मला वाटलं होतं... गॉड. आई. एवढंच!"

आणि मग मलाही हसू आवरेना. आम्ही दोघी त्या गोट्यांवर बसून अशा हसलो की आजोबांनी पुन्हा पेपर बाजूला केला.

मग मी पाण्यात गेले. थंड होतं, बोचरं. सीबचं पाणी आंघोळीच्या पाण्यासारखं कोमट असतं, हे वेगळं. पाणी पाठीला लागलं. कापडाला नाही, पाठीला. मी पोहून आले आणि मला एवढं छान वाटत होतं की कुणाशी तरी भांडावंसं वाटलं. मुलगी शर्ट काढून नुसत्या स्विमसूटवर, दंड उघडे टाकून, कडेच्या पाण्यात पाय सोडून बसली होती. चष्मेवाल्या बाई पुन्हा आल्या. माझ्याकडे बघून जणू काहीच झालं नाही अशा थाटात त्यांनी अंजिरांची पिशवी पुढे केली. मी त्यांना दशमी आणि चटणी दिली. चटणीने त्यांचा जीव कासावीस झाला, चष्मा काढून डोळे पुसले, पण दुसरी दशमी त्यांनी मागून घेतली.

मस्कतला विमानतळावर नवरा घ्यायला आला होता. गाडीत मुलीने सगळं सांगून टाकलं. तो म्हणाला, "म्हणजे माझी मक्तेदारी गेली म्हणायची." घरी पोचल्यावर त्याने मुलीचं कोपर हातात घेऊन बघितलं आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

दोन दिवसांनी ती सलालाहला परत गेली. जाताना अंगात जॅकेट होतं.

मला ते समजलं. परक्यांसमोर काय, कुणीही धीट होईल. तिथे तुमचं नाव माहीत असलेलं कुणी नसतं आणि संध्याकाळी फेरीबोट पकडून तुम्ही निघून जाता. आपली माणसं कपडे घालून बसलेली असतात, खरी परीक्षा तिथे. आणि तिने फक्त बघून घेतलं होतं. जगायचं कसं, ते तिला अजून कुणी दाखवलं नव्हतं.

मस्कतमध्ये आम्ही महाराष्ट्रातली बरीच बौद्ध कुटुंबं आहोत. बहुतेक सगळे इंजिनियर नाहीतर ऑफिसातले. अल मवालेहला भाजी मार्केटपासून जवळच काकूंचं घर आहे, तिथे आम्ही शुक्रवारी वंदनेला जमतो. काकू आमच्यात सगळ्यांत वडील. कुणाला नोकरी, कुणाला घर, कुणाच्या मुलीला स्थळ, सगळं काकूंच्या फोनवरून जुळतं. माझ्या मुलीसाठीही त्यांनी एक मुलगा सुचवला होता, फोटोही मागितला होता. ऑक्टोबरात भिक्खूंचा पावसाळ्यातला वर्षावास संपतो, त्या सुमाराच्या शुक्रवारी मोठा कार्यक्रम आणि खीरदान असतं. सगळे पांढऱ्या कपड्यांत येतात. खीर वाढायचं काम कित्येक वर्षं माझ्याकडे आहे, कारण मी मापात वाढते आणि शेवटच्या माणसापर्यंत पुरवते.

खिरीवरून मला माझ्या वडिलांची आत्या आठवत राहिली. तिलाही कोड होतं. तिचं ताट वेगळं असे, तांब्या वेगळा. ज्या लोकांना गावाने कधी स्वतःच्या भांड्यातून पाणी दिलं नाही, त्यांच्याच घरात आत्याचा तांब्या वेगळा ठेवला होता. ती आमच्याकडे आली की स्वतःच तो कोनाड्यातून काढून घ्यायची. कुणी काही म्हणायची गरजच पडत नसे.

मी माझे सगळे पांढरे ब्लाउज पिशवीत भरले आणि रूवीला शिंप्याकडे गेले. चाचा रत्नागिरीकडचे, माझं सगळं शिवण त्यांच्याकडे. "बाह्या कापा," मी म्हटलं. "इथपर्यंत."

"कापू म्हन्तेस बाय?" त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "मंग परत लावाला सांगशील तर नाय जमायचा हां."

"नाही सांगणार."

"मंग इन्शाल्ला बेस्तवारी ने."

कार्यक्रमाच्या शुक्रवारी मुलगी सकाळच्या विमानाने आली. पांढरा कुर्ता, वर जॅकेट. मी खोलीतून साडी नेसून बाहेर आले तेव्हा ती चहा पीत होती. तिचा कप तोंडापाशीच थांबला. "यल्ला," मी म्हटलं, "उशीर होतोय." गाडीत नवरा मध्येच गुणगुणत होता, तो घाबरला की गुणगुणतो.

वंदना होईपर्यंत काकूंच्या दिवाणखान्यात सगळे डोळे मिटून होते. डोळे उघडल्यावर मात्र कुजबुज सुरू झाली, ती मला नीट ऐकू आली. मी सरळ स्वयंपाकघरात गेले आणि खिरीच्या पातेल्यामागे उभी राहिले. घाबरले नव्हते असं लिहायला आवडलं असतं. डाव हातात घेतला आणि पातेल्याच्या काठाला टेकवून धरला, म्हणजे हात स्थिर राहील. मुलगी दारात उभी होती.

पहिल्या आल्या त्या काकू. हातात वाटी. त्यांची नजर माझ्या दंडावर गेली आणि तिथेच राहिली.

"हे काय गं?"

"कोड," मी म्हटलं. मोठ्याने. त्या शब्दाचा आवाज माझ्या तोंडून मलाच नवा होता.

"कधीपासून?"

"तुम्ही मला ओळखता त्याच्याही आधीपासून."

एका बाईंनी आपली वाटी टेबलावर ठेवली आणि "मला शुगर आहे, बाई" असं म्हणून बाहेर गेल्या. असेलही. मी डाव धरून उभी राहिले. मला वाटलं, आता काकूंनीही वाटी खाली ठेवली तर मी काय करेन, आणि दारातली पोर काय करेल?

"म्हणजे इतकी वर्षं आम्ही तुझ्याच हातची खातोय," काकू शेवटी म्हणाल्या.

"हो."

त्यांनी वाटी पुढे केली. "मग आज काय वेगळं आहे? वाढ. आणि काजू शोधून घाल. मागच्या वेळी माझ्या वाटीत एक नव्हता."

मी काजू शोधले. माझे डोळे इतके भरले होते की काजू आणि बदाम सारखेच दिसत होते, पण शोधले. रांग पुढे सरकली. काही जण माझ्या दंडाकडे बघत होते, काही मुद्दाम छताकडे. दोन-चार लोक पुढे गेल्यावर स्वयंपाकघरात उकडायला लागलं आणि मला शेजारी हालचाल जाणवली. मुलीने जॅकेट काढून खुर्चीवर टाकलं, कुर्त्याची बाही कोपराच्या वर सारली आणि दुसरा डाव उचलला. पलीकडे वाटी चाटत बसलेल्या काकूंनी ते कोपर बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. त्या स्थळाचं काय, ते मी विचारलं नाही, अजूनही विचारलेलं नाही.

मुलीच्या पुढ्यात काकूंचे यजमान आले. गोडाचे शौकीन. तिने घाईत अर्धाच डाव घातला. त्यांनी वाटीत वाकून बघितलं आणि तोंड एवढंसं केलं.

"एवढीच?"

तिने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे, आणि आम्हा दोघींना असं हसू फुटलं की रांगेतले लोक बावरले. तिच्या डावातली खीर तिच्याच कोपरावर सांडली. तिने सगळ्यांसमोर हात वर केला, कोपर पुसलं, काकांच्या वाटीत आणखी एक डाव घातला आणि म्हणाली, "नेक्स्ट."